बोळे कधी घालायचे आणि कधी काढायचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कानाला साधे आवाजही सोसेनासे झाले की घरीदारी दोन सल्ले मिळतात. एक, ‘कानात बोळे घालून बस.’ दुसरा, ‘सवय कर, आपोआप जाईल.’ दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात आणि दोन्हींनी त्रास वाढलेली माणसे आमच्याकडे येतात. आम्ही श्रवणतपासणी आणि पुनर्वसनाचे काम करणारे ऑडिओलॉजिस्ट आहोत. ‘आवाज टाळायचा की नाही?’ याला होय किंवा नाही असे उत्तर नाही, पण नेमके उत्तर आहे. आवाज किती डेसिबलचा, तो किती वेळ कानावर पडणार आणि त्याने या माणसाला नक्की काय होते, या तीन गोष्टींवर ते ठरते. ते उत्तर सविस्तर मांडण्यासाठी हे लांबलेले पत्र.

या त्रासाला हायपरॲक्युसिस म्हणतात. ताटवाट्यांचा खणखणाट, खुर्ची ओढल्याचा करकराट, लहान मुलाचे किंचाळणे, कागदी पिशवीचा चुरचुराट, इतरांच्या लक्षातही न येणारे हे आवाज या माणसाला कानठळ्या बसवतात. श्रवणचाचणीच्या यंत्रावर हे मोजताही येते. बहुतेकांना ९० ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज नकोसा होऊ लागतो. हायपरॲक्युसिसमध्ये ही हद्द ७०, कधी ६० पर्यंत खाली येते आणि मीटरभर अंतरावरचे साधे बोलणेच साधारण ६० डेसिबल असते. म्हणजे गप्पा मारणेसुद्धा काठावरचे होऊन बसते. अशा माणसाची ऐकण्याची चाचणी मात्र पुष्कळदा अगदी नॉर्मल येते आणि मग ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून त्याला परत पाठवले जाते. ते चूक आहे. किती बारीक आवाज ऐकू येतो हे एक माप, किती मोठा आवाज सोसतो हे दुसरे. दुसरे माप घेतलेच नाही तर दोष दिसणार कसा?

अमेरिकेतले श्रवणतज्ज्ञ रिचर्ड टायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हायपरॲक्युसिसचे चार प्रकार मांडले. एकात आवाज आहे त्याहून फार मोठा वाटतो, दुसऱ्यात आवाजाचा संताप येतो, तिसऱ्यात आवाजाची भीती बसते, चौथ्यात कान खरोखर दुखतो. एकाच माणसात दोन-तीन प्रकार एकत्र असू शकतात. तरी त्यांतला वरचढ कोणता हे आधी ओळखावे लागते, कारण पुढची सारी वाट तिथून फुटते. मिसोफोनिया ही आणखी निराळी गोष्ट. त्यात आवाजाच्या मोठेपणाशी संबंध नसतो. चावण्याचा, घोट घेण्याचा, नाक ओढण्याचा असा एखादा ठरावीक आवाज, तोही बहुधा ठरावीक माणसाचा, कानी पडला की अंगात आग उसळते. त्याचे उपचार वेगळे, म्हणून त्याची सरमिसळ करू नये. आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यात ‘रिक्रूटमेंट’ दिसते: बारीक आवाज ऐकूच येत नाही, थोडा वाढवला की एकदम अंगावर येतो. श्रवणयंत्र लावल्यावर भांड्यांचा आवाज खुपतो अशी तक्रार असेल तर यंत्र काढून कपाटात ठेवू नका. यंत्राचा जास्तीत जास्त आवाज कुठे अडवायचा याची एक मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये असते, ती खाली आणून घ्या. पाच-दहा मिनिटांचे काम असते.

आता बोळ्यांकडे वळू. मेंदूला कानाकडून येणारा माल कमी झाला की मेंदू आतला ‘व्हॉल्यूम’ वाढवतो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि मग साधा दिवाही डोळ्यांत खुपतो, तसेच काहीसे. हा नुसता तर्क नाही. क्रेग फॉर्म्बी आणि सहकाऱ्यांचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. कान ठणठणीत असलेल्या लोकांपैकी काहींना दोन आठवडे जवळजवळ अहोरात्र इअरप्लग घालायला दिले आणि काहींना कानात मंद खळखळ सोडणारी छोटी यंत्रे. दोन आठवड्यांनी प्लगवाल्यांना तेच आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले, यंत्रवाल्यांना लहान. २०१२ मध्ये रोलंड शेटे, केविन मन्रो आणि सहकाऱ्यांनी १८ जणांच्या एकाच कानात सात दिवस प्लग ठेवला. त्यांतल्या १४ जणांना त्या आठवड्यात नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, म्हणजे टिनिटस. प्लग काढल्यावर ते आवाज गेले. निरोगी कानाची ही गत होते, तर आधीच हळव्या झालेल्या कानाला दिवसरात्र बोळ्यात ठेवले की काय होत असेल?

यातली चांगली बाजूही ध्यानात घ्या. बोळ्यांनी वर सरकलेला व्हॉल्यूम आवाजाच्या सोबतीने पुन्हा खाली येऊ शकतो. पुढच्या सगळ्या उपायांचा पाया हाच आहे.

तर मग प्लग कधी? जिथे कुणाच्याही कानाला इजा होईल अशा आवाजात प्लग हवाच, आणि इथे आमचे दुमत नाही. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचे, नायॉशचे, कोष्टक सोपे आहे: ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. हायपरॲक्युसिस असलेल्याने ८० च्या पुढे सावध व्हावे असे आम्ही सुचवतो. ८० च्या खाली प्लगचा निर्णय भीतीवर न सोडता मापावर सोडावा. फोनवरचे डेसिबल मोजणारे ॲप अचूक नसते, पण ‘ही खोली ५८ आणि तो रस्ता ७६’ एवढे सांगायला पुरते. त्यात ‘ए’ मापन (dBA), म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनेशी जुळवलेले माप, निवडा. दार आपटणे, भांडे पडणे असले क्षणाचे दणके मात्र ॲप पकडत नाही, तिथे त्याचा आकडा खरा धरू नका.

प्लग घालायचा तर नीट घाला. फोमचा प्लग स्वच्छ बोटांत वळून बारीक काडीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बसला की आपलाच आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. तसा घुमला नाही तर प्लग अर्धवट बाहेर आहे. ‘आवाज ३३ डेसिबलने कमी होतो’ असा जो आकडा पाकिटावर असतो, तो प्रयोगशाळेतला असतो. नायॉशच्या जुन्या सूचनेनुसार फोमच्या प्लगचा आकडा निम्मा धरावा आणि इअरमफचा, म्हणजे हेडफोनसारख्या कान झाकणाऱ्या गाद्यांचा, पाऊण. प्लगवर इअरमफ चढवला की दोहोंची बेरीज होईल असे वाटते, पण दोघांतल्या चांगल्यापेक्षा जेमतेम ५ डेसिबल जास्त मिळतात, कारण शेवटी आवाज कवटीच्या हाडातून आत पोचतोच. ‘दोन्ही घातले तरी ऐकू येते’ म्हणून घाबरून जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. तिथे तुमचा कान बिघडलेला नसतो. ती हाडाची मर्यादा आहे.

रोजच्या वापराला आम्ही फोमपेक्षा फिल्टरचे प्लग पसंत करतो, ज्यांना संगीतकारांचे प्लग म्हणतात. ते ९, १५ किंवा २५ डेसिबलने सगळे सूर सारखेच खाली आणतात. फोम वरच्या पट्टीतले आवाज जास्त कापतो, त्यामुळे बोलणे गुदमरते आणि माणूस संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो. थोड्या वेळाच्या गोंगाटाला इअरमफ सर्वांत बरा. गळ्यात अडकवून ठेवा, ड्रिल सुरू झाले की चढवा, थांबले की उतरवा. उतरवणे चढवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ‘आवाज आला’ म्हणून घातलेला प्लग संरक्षण करतो, ‘आवाज येईल’ म्हणून घातलेला भीती पोसतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिन, पंखा, एसी यांची एकसुरी घरघर छान मारतात. अचानकचा खणखणाट मात्र त्यांच्या हाती लागत नाही, तो फक्त गादी जेवढा अडवेल तेवढाच अडतो. आणि दिवसभर घातले तर तेही बोळेच.

झोपेत प्लग ही सर्वांत चिवट सवय. आठ तास कान उपाशी राहतो आणि सकाळी प्लग काढताच नळाचे पाणीसुद्धा धबधब्यासारखे वाटते. मग त्या माणसाची खात्रीच पटते की आपला आजार वाढला. शिवाय रोजच्या प्लगने मळ आत ढकलला जातो, कानाला दडा बसतो, नळीची कातडी चिघळते. झोपेसाठी प्लगऐवजी खोलीत मंद, सलग आवाज ठेवणे हा बदल आम्ही अगदी सुरुवातीला करून घेतो.

या मंद आवाजाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण निम्म्या चुका इथेच होतात. हायपरॲक्युसिसमध्ये पूर्ण शांतता ही औषध नव्हे. शांततेत प्रत्येक बारीक आवाज उठून दिसतो आणि मेंदू व्हॉल्यूम आणखी वर नेतो. म्हणून पार्श्वभूमीला सलग, सपाट, कंटाळवाणा आवाज हवा: पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग, मऊ ‘शऽऽ’ आवाज), संथ पावसाची सर, पंख्याची घरघर. समुद्राच्या लाटा लोकांना आवडतात, पण त्या चढतात-उतरतात आणि हळवा कान प्रत्येक चढाची वाट पाहत बसतो. पक्ष्यांची किलबिलही नको, ती वरच्या पट्टीत टोचते. आवाज हेडफोनमधून न देता खोलीतल्या स्पीकरमधून द्या, पलंगापासून दोन-तीन मीटरवर. आवाजाची फाइल फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. फुकटच्या ॲपमध्ये मध्येच जाहिरात किंचाळते किंवा त्याच स्पीकरवर फोनची रिंग वाजते, आणि दोन आठवड्यांची कमाई एका क्षणात जाते. फाइल संपून पुन्हा सुरू होताना ‘टक्’ असा खटका येत असेल तर दुसरी फाइल घ्या.

पातळी किती? लक्ष दिले तर ऐकू येईल, विसरले तर विसरता येईल, इतकीच. सुरुवातीला दिवसातून दोनदा, १० ते १५ मिनिटे. तीन दिवस निभावले की १० मिनिटे वाढवा. दिवसाचे बरेचसे तास भरले की मग आवाजाची एक पायरी चढवा, आणि तिथे किमान आठवडा काढा. एकाच आठवड्यात वेळ आणि आवाज दोन्ही वाढवू नका. त्रास झाला तर कशामुळे झाला हेच कळणार नाही. हे आकडे आमच्या कामातल्या सुरुवातीच्या खुणा आहेत, प्रत्येकाचा वेग निराळा. पण ‘आवाज जितका मोठा तितका गुण लवकर’ हा समज कुणीच धरू नये.

यासोबतच प्लग उतरवत आणायचे, पण एका झटक्यात नाही. वर्षभर फोमचा बोळा घालून वावरलेल्या माणसाचा बोळा एका सकाळी काढला तर ३० डेसिबलचे पडदे एकदम उघडतात. आधी आपल्या खोलीत, दिवसातल्या सर्वांत निवांत वेळी, अर्धा तास प्लगशिवाय. मग एक तास. मग घरात सगळीकडे. बाहेर जाताना फोमऐवजी २५ चा फिल्टर, काही आठवड्यांनी १५ चा, मग ९ चा, मग खिशात. खिशात प्लग असू द्यावा, त्याला आमची हरकत नाही. जवळ असलेल्या, पण न घातलेल्या प्लगने पुष्कळांना धीर येतो.

तिसरे काम वहीचे. एक आठवडा नोंद ठेवा: कोणता आवाज, किती लांबून, किती वेळ, अंदाजे किती डेसिबल, प्लग होता का, त्रास ० ते १० मध्ये किती, आणि तो ओसरायला किती वेळ लागला. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. काही मिनिटांत ओसरणारा त्रास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उगवणारा ठणका यांचा हिशेब एक नसतो. त्यावरून आवाजांची उतरंड लावा आणि २ किंवा ३ गुणांच्या आवाजापासून सुरुवात करा. कपबशीचा आवाज असेल तर तो रेकॉर्ड करून आपल्याच हाताने, आपल्याच वेळी, अगदी लहान करून वाजवा. आवाज कधी येणार हे ठाऊक असणे आणि बंद करण्याचे बटण आपल्या हाती असणे, या दोन गोष्टींनी तोच आवाज निम्मा हलका होतो. तो २ वरून १ वर आला की पुढचा. दर दहा मिनिटांनी ‘आज कान कसा आहे’ अशी चाचपणी मात्र करू नका. सतत कानाकडे लावलेले लक्ष हेही व्हॉल्यूम वाढवणारेच असते. नोंद संध्याकाळी, एकदाच.

भीती आणि टाळाटाळ जिथे वरचढ आहे तिथे मानसोपचाराची, कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीची, जोड खरोखर कामी येते. स्वीडनमध्ये ६० रुग्णांवर झालेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली नियंत्रित चाचणी याला आधार देते. मानसोपचार म्हटले की ‘म्हणजे हा त्रास माझ्या मनाचा खेळ?’ असे विचारले जाते. नाही. व्हॉल्यूमचे बटण मेंदूत आहे, आणि भीतीचा हात त्याच बटणावर असतो.

आता कान दुखणाऱ्यांविषयी. इथे आमच्याच व्यवसायातल्या काहींशी आमचा मतभेद आहे, तो उघड सांगतो. हायपरॲक्युसिसच्या प्रत्येकाला ‘घाबरू नका, आवाजात राहा’ असे एकच औषध देणे अन्यायाचे आहे. आवाजानंतर कानात सुई टोचल्यासारखी कळ, जळजळ, जबडा-गालापर्यंत पसरणारा ठणका, आणि तोही कधी तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दिवसचे दिवस टिकणारा, असे ज्यांना होते त्यांना रेटून चालत नाही. आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंपैकी सुमारे ५ टक्के ‘टाइप २’ प्रकारचे असतात. २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की ऐकण्याच्या पेशींना इजा झाली की हे तंतू चेततात, म्हणजे कानात वेदनेचा स्वतंत्र मार्ग असण्याची शक्यता बळावली. शिवाय मधल्या कानातला, पडदा ताणणारा स्नायू वारंवार आखडला तरी कान दडपल्यासारखा, फडफडल्यासारखा आणि दुखरा होतो. तेव्हा ‘दुखणे मनाचे आहे’ असे म्हणायला आधार नाही.

या गटासाठी क्रम तोच, पण वेग फार मंद आणि थांबा आधी. मंद आवाज पाच मिनिटांपासून. कळ यायच्या आधी, नुसते दडपण जाणवताच थांबायचे. एखादी पायरी जमली असे लगेच म्हणायचे नाही. आधी ४८ तास वाट पाहायची, कारण ठणका उशिरा येतो. आज बरे वाटले म्हणून आजच दुप्पट केले, आणि परवा अंथरुण धरले, ही या गटातली सर्वांत नेहमीची चूक. प्लगची मुभाही यांना जास्त हवी. ७० डेसिबलच्या बाजारात यांनी प्लग घातला तर कुणी टोकू नये. फक्त घरी परतल्यावर तो काढायचा.

मोठा दणका बसून सगळे मागे गेले तर काय? कानाला विश्रांती द्या. विश्रांती म्हणजे शांत खोली, मंद पार्श्वध्वनी अगदी बारीक, गोंगाटाची कामे काही दिवस पुढे ढकललेली. विश्रांती म्हणजे बोळे घालून अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहणे नव्हे. दोन पायऱ्या खाली या, शून्यावर जाऊ नका. ठणका ओसरल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि तिथून पुन्हा चढा. असे धक्के बहुतेकांना बसतात, त्यात कुणाची कसूर नसते.

घर शांत करणे हे टाळणे नव्हे, हे आम्ही मुद्दाम लिहितो. कानावर बोळा घालण्यापेक्षा आवाजाच्या उगमावर बोळा घालणे केव्हाही चांगले. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या, सिंकच्या तळाशी सिलिकॉनची जाळी, कपाटांच्या दारांना रबरी ठिपके, मिक्सरखाली जाड रबरी चटई. एवढ्याने अचानकच्या खणखणाटाची धार बोथट होते, आणि टोचते ती धारच. उघड्या भिंती, फरशी आणि काचा आवाज उडवत ठेवतात. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट तो शोषतात. पण पडद्याने शेजारचा आवाज थांबेल अशी अपेक्षा नको, शोषणे वेगळे आणि अडवणे वेगळे. बाहेरचा आवाज अडवायचा तर आधी फटी बुजवा. दार कितीही जाड असो, त्याच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का फट राहिली तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. दाराखालची रबरी पट्टी नव्या दारापेक्षा जास्त काम करते. अंतरही कामाचे: मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, बंद खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी.

तपासण्यांनीच त्रास वाढल्याच्या तक्रारी आम्ही वारंवार ऐकतो, आणि त्या टाळता येतात. तपासणीपूर्वीच सांगा की मोठा आवाज सोसत नाही. आवाज सोसण्याची हद्द तपासताना तो खालून, ५-५ डेसिबलने चढवावा आणि हात वर करताच थांबवावे. मधल्या कानाच्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया तपासायला १०० डेसिबलच्या आसपासचे सूर सोडतात. तिची खरोखर गरज नसेल तर ती वगळायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. मळ काढण्याचे शोषण-यंत्र कानात मोठ्याने घोंगावते, हाताने मळ काढता येतो का विचारा. एमआरआयचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. तिथे प्लग आणि मफ दोन्ही घ्या, प्लग स्वतः नीट बसवा, आणि कमी आवाजाची पद्धत त्या यंत्रात आहे का हे आधी फोन करून विचारा. दाताच्या ड्रिलची थरथर हाडातून थेट आतल्या कानात जाते, तिथे प्लगचा उपयोग थोडा. त्याऐवजी १० सेकंद ड्रिल, मग थांबा, अशी हाताची खूण ठरवून घ्या.

काही लक्षणांत मात्र वही आणि स्पीकर बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जावे. एका कानाने तास-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब आहे, स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका बरा. आवाज खुपू लागला आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा झाला, तर चेहऱ्याच्या नसेला सूज असू शकते. मधल्या कानातला आवाज आवरणारा चिमुकला स्टेपिडियस स्नायू याच नसेवर चालतो. स्वतःची पावले, स्वतःच्या डोळ्यांची हालचाल कानात ऐकू येते, मोठ्या आवाजाने गरगरते, अशा तक्रारीत आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचे हाड विरळ झालेले असू शकते. १९९८ मध्ये लॉइड मायनर यांनी वर्णन केलेला हा विकार स्कॅनवर दिसतो. अर्धशिशी आणि डोक्याला लागलेला मार हीदेखील नेहमीची कारणे. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, विशेषतः बेंझोडायझेपिन गटातल्या, एकदम बंद केल्यानेही आवाज असह्य होतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्यात.

घरच्यांनी काय करावे? मिक्सर लावण्याआधी नुसते ‘लावते गं’ किंवा ‘लावतो रे’ म्हणावे. तीन सेकंदांच्या त्या सूचनेने दचकणे वाचते. पण घरभर कुजबुजत, टाचा उचलून चालू नये. तशाने घर आणखी शांत होते आणि उरलेला प्रत्येक आवाज आणखी मोठा वाटतो. प्लग काढायचा दिवस त्याच्या वहीवरून ठरतो, तो घरच्यांनी परस्पर ठरवू नये. ‘बघ, काल तर एवढ्या गोंगाटात बसला होतास’ हे वाक्य विशेष टाळावे. कालच्या त्या बसण्याची किंमत तो आज मोजत असतो. लहान मुलांच्या बाबतीत, विशेषतः ऑटिझम असलेल्यांच्या, सभागृहात मफ जरूर द्या आणि घरी काढा. मिक्सरचे बटण त्या मुलालाच दाबू द्या, आधी दोन सेकंद, मग पाच. शाळेत त्याची जागा घंटेपासून आणि दारापासून दूर, मऊ फलक किंवा पडद्याजवळ मागून घ्या. घंटेची वेळ त्याला कागदावर लिहून द्या, म्हणजे मिनिटभर आधी मफ चढवायचा आणि घंटा थांबली की उतरवायचा, हे त्याचे त्यालाच करता येईल.

आपले,
श्रवण-पुनर्वसनाचे काम करणारे काही ऑडिओलॉजिस्ट